गोमतीवरची चाचणी

श्रीरंगराव खांबेटे यांनी सदतीस वर्षं एकच काम केलं. आगगाडीचा डबा किती हलतो, ते मोजलं. मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत त्यांच्या नावाचं टेबल होतं, पण टेबलाशी ते क्वचित सापडत. कुठे नवा डबा तयार झाला की त्यात यंत्रं बसवायची, तो दामटून पळवायचा आणि आत बसलेल्या माणसाला किती गचके जाणवतात याचा एक आकडा काढायचा. आकडा सव्वातीनच्या आत आला तर डबा पास, वर गेला तर परत कारखान्यात. या चाचण्यांच्या निमित्ताने हा गृहस्थ कोकणापासून आसामपर्यंत अख्खा देश फिरला आणि त्यातलं काही म्हणता काही त्याने पाहिलं नाही. कारण सगळा वेळ मान खाली आणि डोळे सरकत्या कागदावरच्या सुईवर. घाट कसा होता, असं कुणी कौतुकाने विचारलं तर उत्तर यायचं, "दोन पूर्णांक नऊ."

त्यांच्या पत्नी सरोजबाई मूळच्या नागपूरच्या. लखनौला येऊन बँकेत लागल्या, बँकेतूनच निवृत्त झाल्या. आता दोघं आशियानातल्या फ्लॅटमध्ये राहत होती आणि गेली चार वर्षं संध्याकाळचा चहा झाला की सरोजबाई टीव्हीवर अलास्का लावून बसत. बर्फाच्या कड्यांना खेटून चाललेलं पांढरंशुभ्र जहाज. मग काचेच्या छताची आगगाडी, दोन्ही बाजूंना अंत नसलेलं जंगल, मध्येच नदी, नदीत अस्वल. एकेक व्हिडिओ त्यांनी इतक्यांदा पाहिला होता की त्यातली अस्वलं त्यांना चेहऱ्याने ओळखू यायला लागली होती.

जानेवारीत, लखनौचं धुकं खिडकीशी येऊन बसलेलं असताना, व्हँकुव्हरहून मुलीचा फोन आला. ऋचा लखनौत वाढलेली. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"आई, इस जून में पक्का. सात दिन जहाज, फिर तीन दिन ट्रेन. बाल्कनी वाला कमरा होल्ड पे रखा है. होली से पहले कन्फर्म करना है, बस."

सरोजबाईंनी फोन ठेवला आणि कपाटावरची मोठी सूटकेस खाली काढून पुसायला घेतली. जूनला पाच महिने होते.

श्रीरंगराव म्हणाले, "ट्रेन उत्तम. ट्रेनचं मी बघतो. जहाज मात्र तू ऋचाबरोबर कर. मी आपला विमानाने पुढे येतो आणि स्टेशनवर तुम्हाला भेटतो."

सरोजबाईंचा हात थांबला. "बघू," त्या म्हणाल्या, आणि सूटकेस पुसायची अर्धवट राहिली. ती अर्धी पुसलेली सूटकेस पुढे चार दिवस हॉलमध्ये पडून होती, आणि श्रीरंगरावांना येता-जाता ती दिसत होती.

आता इथे जंजिऱ्याचं सांगितलं पाहिजे. लग्न होऊन महिना झाला होता. साल सत्त्याऐंशी. मुरुडला श्रीरंगरावांची आत्या राहायची, तिच्याकडे दोघं चार दिवस गेली. सरोजबाईंनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. शिडाच्या होडीतून किल्ल्याकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत श्रीरंगरावांना जी मळमळ सुरू झाली, ती थांबेना. शेजारच्या कोळणीची रिकामी टोपली त्यांनी कामाला लावली. किल्ल्याचे बुरूज हाकेच्या अंतरावर दिसत असताना तांडेलाने होडी वळवली. नवी नवरी सगळा वेळ किल्ल्याकडे पाठ करून नवऱ्याचं कपाळ धरून बसली होती. परत आल्यावर आत्याने विचारलं, कसा वाटला किल्ला? सरोजबाई म्हणाल्या, छान.

तसा सरोजबाईंचा स्वभाव मनात ठेवण्याचा नाही. लग्नात कुणाच्या मावशीने मानपानावरून काय ऐकवलं, ते त्या आजही शब्दाशब्दाने सांगतील. पण जंजिऱ्याबद्दल अडतीस वर्षांत चकार शब्द नाही. त्यावरूनच श्रीरंगरावांनी ओळखलं होतं की ते फार खोल लागलेलं आहे. आणि आता हे अलास्का. जहाजावर आपण पडणार, ही आपलं कपाळ धरून बसणार, आणि बर्फाचे कडे हिच्या पाठीमागून निघून जाणार. एकदा केलं ते पुरे झालं, असं त्यांना वाटत होतं.

गोळ्या असतात, नाही असं नाही. पण ती गोळी घेतली की श्रीरंगराव चौदा तास झोपत. अलास्का झोपूनच पाहायचं तर आशियानातला पलंग काय वाईट होता?

पाचव्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण चाचणीवाले. कुठलाही डबा चाचणीशिवाय रुळावर जात नाही. मग आपण तरी चाचणीशिवाय समुद्रावर कसे जाणार, किंवा चाचणीशिवाय नाही तरी कसं म्हणणार? त्यांनी एक शंभर पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. तारीख, मिनिटं, हेलकावे, जांभया, घाम, तोंडाला सुटलेलं पाणी, शेरा. उलटीच्या आधी माणूस जांभया देतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं होतं. सरोजबाईंना म्हणाले, "ऑफिसातली नवी पोरं सल्ल्याला बोलावतायत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी जाऊन येत जाईन म्हणतो."

"अच्छा," सरोजबाई म्हणाल्या. आणखी काही विचारलं नाही. सरोजबाईंनी आणखी काही विचारलं नाही यातच काय ते ओळखायला हवं होतं, पण तेवढं कुठलं सुचायला.

आलमबागेतून मेट्रो, पुढे ई-रिक्शा, असे ते कुडिया घाटावर पोचले. थंडीमुळे घाटावर गर्दी नव्हती. राममिलन कश्यप नावाचा नावाडी पायरीवर बिडी ओढत बसला होता. श्रीरंगराव नावेत बसले, वही मांडीवर घेतली, घड्याळ काढून वहीवर ठेवलं.

"भैया, नाव हिलानी है."

"हिलेगी नहीं बाबूजी, बेफ़िक्र बैठिए. तीस साल से चला रहे हैं."

"नहीं, हिलानी है. धीरे-धीरे. पाँच सेकंड में एक बार. पहले इधर, फिर उधर."

राममिलनने बिडी विझवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाबूजी, घर में सब ठीक है?"

श्रीरंगरावांनी मग त्याला सगळं शास्त्र समजावून सांगितलं. आगगाडीचे गचके लहान आणि झटपट, ते पोटाला कळायच्या आत संपतात. समुद्राचं हेलकावणं सावकाश असतं आणि सावकाश हललेलं पोटाला सोसत नाही. राममिलनने सगळं ऐकून घेतलं. "हर सवारी कहती है, हिलाना मत. आप पहले आदमी हैं," असं म्हणून तो नावेच्या मध्यावर उभा राहिला, तिच्या दोन्ही कडांवर पाय रोवले आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भार टाकू लागला. गोमती तशी निवांत नदी. तिच्यावर असली वादळं कुणी आणत नाही. घाटावर अंघोळीला आलेले दोन म्हातारे अंघोळ सोडून बघत राहिले.

चाचणी एक. अकरा मिनिटं. जांभया सहा. घाम, हो. शेरा: नापास.

चाचणी दोन, बारा मिनिटं. चाचणी तीनला आलं चघळलं, चारला लिंबू, पाचला उपाशीपोटी, सहाला दोन पराठे खाऊन. सहावीचा निकाल इथे सांगण्यासारखा नाही. आलेख काही चढेना. तेरा मिनिटं, चौदा, पुन्हा बारा. आठव्या चाचणीच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं, "नापास. नावाडी थकला." घरी परतताना चेहरा पिवळा पडलेला असे. सरोजबाई ताकाचा पेला पुढे करत आणि विचारत, "पोरं काय म्हणतात?"

"हुशार आहेत," श्रीरंगराव म्हणत.

राममिलनलाही आता या प्रकरणात रस वाटू लागला होता. आठव्या दिवशी त्याने घाम पुसत पुसत विषय काढला.

"एक बात कहें, बुरा तो नहीं मानेंगे? आप पूरा टाइम कॉपी में मुंडी डाले रहते हैं. इसी से जी मिचलाता है. हमारी बिटिया भी बस में मोबाइल देखती है तो उलटी कर देती है. कॉपी बंद कीजिए और उधर देखिए, पक्के पुल की तरफ़."

"लिखूँगा नहीं तो पता कैसे चलेगा?"

"चल जाता है बाबूजी. उलटी का पता चल ही जाता है."

श्रीरंगराव हसले, पण मनातून त्यांना ते पटलं नाही. नोंदीशिवाय चाचणी म्हणजे नुसतं फिरणं. मात्र परतीच्या मेट्रोत उभे असताना त्यांना एकाएकी जंजिऱ्याची होडी आठवली. त्यांच्या हातात तेव्हाही एक छोटी डायरी होती. दुसऱ्या हातात लग्नात मिळालेलं घड्याळ. दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात, ते मोजून नव्या बायकोला दाखवावं म्हणून ते वाकून लिहीत बसले होते. ती काहीतरी बोट करून दाखवत होती. काय दाखवत होती कोण जाणे, त्यांनी मान वर केलीच नव्हती.

होळी चार दिवसांवर आली. ऋचाचे दोन मेसेज येऊन गेले होते. श्रीरंगरावांनी ठरवलं, शुक्रवारची नववी चाचणी शेवटची. त्यातही नापास झालो तर घरी जाऊन सरळ सांगायचं की माझ्याच्याने जहाज होणार नाही.

शुक्रवारी ते घाटावर उतरले, तर पायरीवर सरोजबाई बसलेल्या. अंगावर शाल, मांडीवर कापडी पिशवी, शेजारी राममिलन. दोघं मटाराच्या भावाबद्दल बोलत होती.

"या," सरोजबाई म्हणाल्या. "नववी ना आज?"

श्रीरंगराव जागच्या जागी उभे राहिले. "तू इथे कशी?"

"मेट्रोने. तुमच्या मागच्याच गाडीने निघाले, पण तुम्ही वाटेत लिंबू घ्यायला थांबलात, म्हणून मी आधी पोचले." त्यांनी पिशवीतून थर्मास काढून पायरीवर ठेवला. "वही तुम्ही मोज्यांच्या खणात ठेवता. मोजे धुऊन तिथे कोण ठेवतं?"

"वाचलीस?"

"पहिल्यांदा वाचली तेव्हा घाबरलेच. घाम, जांभया, तोंडाला पाणी. मला वाटलं, काहीतरी मोठं दुखणं आहे आणि हे लपवून डॉक्टरकडे जातायत. मग घाटाचं नाव आणि 'नावाडी थकला' हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला."

राममिलन खो खो हसला. श्रीरंगरावांना मात्र हसू येईना. ते नावेत जाऊन बसले, सरोजबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि नाव मधल्या पाण्यावर आली. फेब्रुवारीचं ऊन पडलं होतं, धुकं कुठल्या कुठे गेलं होतं.

"मला हे जमत नाही गं," श्रीरंगराव खाली बघत म्हणाले. "आठ वेळा केलं, आठही वेळा नापास. तू जा ऋचाबरोबर. मला पुन्हा जंजिऱ्यासारखं व्हायला नकोय."

अडतीस वर्षांत हा शब्द दोघांमध्ये पहिल्यांदा उच्चारला गेला होता. सरोजबाई म्हणाल्या, "जंजिरा मी पाहिलाय."

"कधी?"

"शहाण्णव साली. बँकेच्या ट्रेनिंगला मुंबईला गेले होते ना, तेव्हा. रविवारी सगळ्या बायकांनी मिळून बस केली. चांगली दोन तास फिरले आत. तोफ पाहिली, गोड्या पाण्याचं तळं पाहिलं."

"मला बोलली नाहीस कधी."

"काय बोलणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि सांगण्यासारखं काही नव्हतंच. भिंती होत्या नुसत्या. मला सारखं वाटत होतं, कोणाला तरी कोपराने ढोसावं आणि म्हणावं, अहो, ते बघा. शेजारी कोण, तर आमच्या ब्रँचच्या मिसेस श्रीवास्तव. त्यांना ढोसून काय उपयोग?" सरोजबाईंनी शाल सारखी केली. "तेव्हाच ठरवलं, असलं काही एकटीने पाहायचं नाही. ऋचा असेल बरोबर, पण ती फोटो काढत बसेल."

श्रीरंगरावांना काय वाटलं ते त्यांनाही पटकन कळलं नाही. बायकोला दाखवायचा राहिला म्हणून जो किल्ला ते इतकी वर्षं उराशी धरून बसले होते, तो तिने कधीच पाहून, झटकून टाकला होता. आधी त्यांना हलकं वाटलं. मग मिसेस श्रीवास्तवांचा थोडासा रागही आला. आणि मग, हे मान्य करायला हवं, त्यांचे डोळे भरून आले.

"मी ऋचाला खोली बदलायला सांगितलीय," सरोजबाई पुढे म्हणाल्या. "बाल्कनी नको. सगळ्यात खालचा मजला, जहाजाच्या मधोमध. डब्यात मधल्या बाकावर सगळ्यात कमी हलतं, दोन्हीकडची चाकं लांब पडतात, हे तुम्ही येईल त्या पाहुण्याला सांगता. मला पाठ झालंय ते."

"खालच्या मजल्यावर खिडकी नसते."

"नसू दे. तुम्हाला बरं असेल तेव्हा वर जाऊन बघू. नसेल तेव्हा खाली बसून पत्ते खेळू."

श्रीरंगरावांनी मांडीवरची वही बंद केली. घड्याळ मनगटावरून काढलं, वहीच्या मध्ये घातलं आणि दोन्ही वस्तू सरोजबाईंच्या पिशवीत टाकल्या. "भैया," ते राममिलनला म्हणाले, "हिलाओ."

राममिलन उभा राहिला. नाव डावीकडे कलली, उजवीकडे कलली. श्रीरंगरावांनी मान वर केली. पक्का पूल दिसला. सवयीने त्यांनी त्याच्या कमानी मोजायला घेतल्या, पण तिसऱ्या कमानीपाशी एक सायकलवाला दुधाच्या कॅनसकट पुलावरून जाताना दिसला आणि ते मोजायचं विसरले. पलीकडच्या काठावर कुणीतरी धुतलेल्या साड्या वाळत घातल्या होत्या. अलीकडे पाण्यात एक मोडका खांब होता. त्यावर एक निळा पक्षी बसला होता, चोच केवढी तरी मोठी. तो एकदम खाली झेपावला, पाणी उडालं, आणि परत खांबावर येऊन बसला तेव्हा त्याच्या चोचीत मासा वळवळत होता.

"अगं, ते बघ," श्रीरंगराव म्हणाले आणि त्यांनी कोपराने सरोजबाईंना ढोसलं.

सरोजबाई इतका वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, जांभई येते का म्हणून. त्या वळल्या. "कुठे?"

"त्या खांबावर. निळा. बघ, मासा आपटतोय."

"खंड्या आहे तो," सरोजबाई म्हणाल्या आणि मग दोघंही त्याच्याकडेच बघत राहिली. खंड्याने मासा गिळला, पिसं झटकली, आणखी दोनदा बुडी मारली. एकदा रिकामा आला तेव्हा दोघंही हळहळली.

"बाबूजी," राममिलन धापा टाकत म्हणाला, "पौन घंटा हो गया. हमारी टाँगें जवाब दे रही हैं."

श्रीरंगरावांनी मनगटाकडे पाहिलं. तिथे घड्याळ नव्हतं. पोटात किंचित काहीतरी होत होतं, नाही असं नाही, पण ते पोटापाशीच होतं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि ऋचाला लावला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती.

"ऋचा, ती बाल्कनीची खोली अजून आहे का?"

"है तो, बाबा. लेकिन आई ने तो नीचे वाला बोला था."

"आई काहीही बोलते. बाल्कनीची घे. दोन खुर्च्या असतात ना तिथे?"

"होते हैं."

"मग घे," श्रीरंगराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सरोजबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "अहो, ही गोमती आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिथे समुद्र असेल. नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर ओकेन. त्यात काय. तोंड धुऊन परत बाल्कनीत येऊन बसेन." श्रीरंगरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "पण तू खुर्चीवरून उठायचं नाहीस. माझं कपाळ मी धरीन. तू समोर बघत राहायचं, आणि मी आलो की मला सांगायचं, मधल्या वेळात काय काय गेलं ते."

सरोजबाईंनी मान हलवली, थर्मास उघडला आणि झाकणात चहा ओतून आधी राममिलनला दिला.

"अब रोक दें, बहनजी?" त्याने विचारलं.

सरोजबाईंनी खांबाकडे पाहिलं. खंड्या अजून तिथेच होता.

"चाय पी लीजिए, भैया," त्या म्हणाल्या. "फिर थोड़ा और हिलाइए."